पन्नास तास कुठून काढायचे

जून, दुसरा रविवार. रात्र.

सकाळपासून कॅलेंडर, स्केचपेनं आणि केंद्रप्रमुख म्हणून माझ्याकडे असलेल्या केंद्रातल्या अकरा शाळांची यादी घेऊन बसलेय. वर्षभराच्या शिक्षण परिषदांचं, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहा बैठकांचं, नियोजन उद्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात द्यायचंय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, आणि तोही ज्याच्या त्याच्या आवडीनुसार. 'आवडीनुसार' वाचून हसू आलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत प्रशिक्षणाला जाताना 'तुम्हाला काय शिकायचंय' असं मला कुणी विचारलेलं आठवत नाही. आदेश यायचा, आपण पिशवीत डबा टाकून निघायचं.

हिशोब मांडला. महिन्याला एक परिषद. दिवाळी, परीक्षा, सुट्ट्या वगळून आठ हाती लागतात. चार तासांची एक धरली तर ३२. उरले १८. शिवाय अकरांपैकी सात शाळा द्विशिक्षकी. एक गुरुजी बाहेर पडले की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. म्हणजे परिषद दुपारीच, अर्धी शाळा झाल्यावर.

ते १८ तास ऑनलाइन दाखवून मोकळं होता येईल. पण तो उद्योग मी स्वतः करून बसलेय. कोरोनाच्या काळात दीक्षा अ‍ॅपवर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे १८ अभ्यासक्रम होते. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, एकीकडे ओट्यावर मोबाइल टेकवून व्हिडिओ चालू. अठराच्या अठरा प्रमाणपत्रं फायलीत आहेत. आत काय होतं विचाराल तर दोन-तीन शीर्षकं सांगेन.

याउलट फेब्रुवारीतली परिषद. त्या वेळी परिपत्रकवाचन, यू-डायसची शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं शेवटच्या पंधरा मिनिटांत कोंबलं आणि सगळ्यांना तिसरीच्या वजाबाकीच्या वह्या आणायला सांगितल्या. सतरंजीवर वह्यांचा ढीग. ५२ वजा २७ बरोबर ३५. एक नाही, दोन नाही, नऊ शाळांच्या वह्यांत हेच उत्तर. आमच्या नव्या, अजून कायम न झालेल्या शिक्षणसेवक बाई ओशाळून म्हणाल्या, "मॅडम, मी तर याला 'निष्काळजीपणा' असा शेरा मारलाय." पुढच्या वर्षी निवृत्त होणारे गुरुजी वही डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "निष्काळजी कसला? पोरगा नियम पाळतोय. मोठ्यातून लहान काढायचा. सातातून दोन काढले त्यानं."

मग त्यांनी तिथल्याच तिसरीच्या पोरांना गोल बसवलं, आम्ही मागे. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." पोरानं दोन गठ्ठे सरकवले, दोन सुट्ट्या दिल्या आणि थांबला. "अजून नाहीत." गुरुजी गप्प. मला राहवत नव्हतं, जीभ अगदी दातांशी आली होती. मिनिटभर तसंच गेलं. मग पोरानं एक गठ्ठा उचलला, रबरबँड दातानं ओढला आणि गुरुजींकडे बघत विचारलं, "सोडू?"

दशक सुटा करणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. ते 'सोडू?' असं विचारणारं पोर पहिल्यांदा पाहिलं.

चहाला विषय घसरला तो बावन्नवर. दोन पोरांनी बावन्न ऐकून २५ लिहिलं होतं. साहजिकच आहे, कानावर आधी 'बा' पडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' आलं तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली होती! आमच्याकडेही पुन्हा दोन तट पडले आणि चहा गार झाला. मला विचाराल तर वर्गात दोन्ही चालू द्यावं. पण मागे बसून पोरांना ऐकल्याशिवाय यावर भांडूच नये.

तर यंदा असंच. दर महिन्याला एकच अडचण, एक यजमान शाळा, चाळीस मिनिटांचा खरा पाठ आणि मग चर्चा. पुढच्या महिन्यात त्याच वह्या पुन्हा उघडायच्या. उरलेल्या १८ तासांत एकमेकांच्या शाळेत जाऊन बसायचं. त्या दिवशी मागे वर्ग कोण सांभाळणार? मी. शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे नसता तर हे वाक्य जरा जास्त ठामपणे लिहिलं असतं.

संध्याकाळी गुरुजींना फोन केला. म्हटलं, ऑगस्टमध्ये गणिताचा पाठ घ्याल ना? "घेईन की. पण खरं सांगू का मॅडम, मला जोडाक्षरं कधी धड शिकवता आली नाहीत. पस्तीस वर्षं नुसती घोटून घेतली. ते कुणीतरी दाखवा की मला, जायच्या आत."

जोडाक्षरांचे खेळ त्या नव्या बाई छान घेतात, त्यांच्या वर्गात बघितलंय. जुलैच्या चौकोनात लिहिलं : जोडाक्षरं. सुलभक म्हणून, म्हणजे परिषदेत बाकीच्यांना शिकवायला, त्यांचं नाव टाकलं. शिक्षणसेवकाला सुलभक केलं म्हणून उद्या कुणीतरी भुवया उंचावेल. बघू.