पाहुण्यांना पाणी

शुक्रवार, रात्री साडेअकरा

'व्ही' या अमेरिकन विज्ञान-मालिकेचा पहिला भाग आज पाहून झाला. दुसरा उद्या. एका बैठकीतही झाली असती, पण अमेरिकेत ही मालिका १९८३ साली १ आणि २ मे अशा लागोपाठच्या दोन रात्री दाखवली होती, म्हणून मीही तशीच पाहायची ठरवली. भाच्यानं डीव्हीडी पाठवून दीड महिना झाला. प्लेअर माळ्यावर होता. तो काढून, पुसून, तारा जोडून पडद्यावर चित्र येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अण्णा जेवून त्यांच्या खोलीत गेले होते. हालचाल ऐकून काठी टेकत बाहेर आले आणि शहरावर येऊन थांबलेली ती अवाढव्य चकती पाहून दारातच उभे राहिले. म्हणाले, "ही पाहुण्यांची ना गं?"

चाळीस वर्षांनी त्यांना तोच शब्द आठवला. मी त्यांची खुर्ची पुढे सरकवली.

१९८६ची दिवाळीची सुट्टी, सांगलीचं घर. धाकटे काका मस्कतहून आले होते आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून कॅसेट आणली होती. कुणीतरी कुणाच्यातरी कॅसेटवरून उतरवून घेतलेली ती प्रत, वर नाव पेनानं लिहिलेलं. व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं आणला. गल्लीतली वीसेक माणसं सतरंजीवर, आजी भिंतीला टेकून, आणि अण्णा टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून. अण्णा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. दर दोन वाक्यांनी ते सगळ्यांना मराठीत सांगायचे, आणि ते सांगत असताना पुढची दोन वाक्यं निसटून जायची. आम्हा मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. आम्ही अण्णांची मालिका पाहत होतो.

त्या परग्रहावरच्या लोकांना मालिकेत 'व्हिजिटर्स' म्हणतात. अण्णांनी सरळ 'पाहुणे' केलं. मला आजही याहून चांगला शब्द सुचत नाही. कारण तसेच येतात ते, पाहुण्यासारखे. जगातल्या मोठमोठ्या शहरांवर पन्नास यानं येऊन उभी राहतात, एक गोळी सुटत नाही. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांचा प्रमुख जॉन उतरतो, हसतो, हात मिळवतो. आमचा ग्रह संकटात आहे, काही रसायनं तुमच्या कारखान्यांत बनवून द्या, बदल्यात आमचं विज्ञान घ्या. दिसायला अगदी माणसासारखे. फक्त आवाज घुमणारा, आणि आपला उजेड सोसत नाही म्हणून डोळ्यांवर काळे चष्मे. कारखान्याच्या दारात शाळेचा बँड त्यांचं स्वागत करतो.

तेव्हा आजी म्हणाली होती, "आरं, पाव्हणा आलाय तर पाणी तरी इचारा म्हणावं."

पुढे खरं कारण कळतं. त्यांना पृथ्वीचं पाणी हवं असतं, सगळंच्या सगळं. आणि माणसं, खायला. अण्णांनी ते सांगितलं तसं सगळे गप्प झाले. १९८६ साल होतं, आमच्याकडे पाऊस नीट झालेला नव्हता, नळाला दिवसाआड पाणी. आजी हळूच म्हणाली, "पाव्हण्यानं तांब्याभर पाणी मागावं. ह्यो तर आख्खी हीरच उचलून चाललाय."

लहानपणी डोक्यात राहिलं ते बाकी सगळ्यांच्या डोक्यात राहिलं तेच. पाहुण्यांची अधिकारी डायना जबडा वासून जिवंत गिनीपिग गिळते तो क्षण. कॅमेरामन डोनोव्हन यानात लपूनछपून चित्रण करतो, झटापटीत एका पाहुण्याच्या चेहऱ्याचं कातडं त्याच्या हातात येतं आणि खालून हिरवी, खवल्यांची सरड्याची त्वचा. त्या रात्री मी आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपले होते.

आज तो गिनीपिग आला तेव्हा रबराचं तोंड सरळ दिसलं. मन दचकलं ते त्याच्यानंतर. डोनोव्हन ती टेप घेऊन जिवाच्या आकांतानं टीव्ही केंद्रावर पोचतो, आता सगळ्यांना दिसणार, आणि ती लागायच्या आत पाहुणे प्रक्षेपणच ताब्यात घेतात. मग पडद्यावर डोनोव्हनचाच फोटो, गद्दार म्हणून. पुरावा हातात असून माणूस एका मिनिटात खोटा ठरला. हा प्रसंग मला अजिबात आठवत नव्हता. अण्णांनी तेव्हा सांगितला असेलही, पण अकरा वर्षांच्या मुलीला सरडा पुरेसा होता.

अण्णांना आता कानात यंत्र घालूनही टीव्हीचं इंग्रजी कळत नाही, आणि खाली येणारी अक्षरं दिसत नाहीत. तेव्हा आज मी सांगत होते, ते ऐकत होते. दोन वाक्यं सांगायची, पुढची दोन सुटायची. पण आता रिमोट आहे. मी थांबवून थांबवून सांगितलं. दीड तासाहून थोड्या मोठ्या भागाला आम्हाला तीन तास लागले.

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली

संपली.

केनेथ जॉन्सन यांनीच ही लिहिली आणि दिग्दर्शित केली. त्यांनी आधी लिहिलं होतं ते अमेरिकेत हुकूमशाही येते त्याबद्दल. सिंक्लेअर लुईस यांची १९३५ची 'इट कान्ट हॅपन हिअर' ही कादंबरी त्याच्या मुळाशी होती, आणि त्यात परग्रहावरचं कुणी नव्हतं. वाहिनीला विज्ञानकथा हवी होती, म्हणून हुकूमशहा आकाशातून आले. हे कळल्यावर मालिका पाहताना बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. लाल गणवेश, नाझी चिन्हाची आठवण करून देणारं पाहुण्यांचं चिन्ह, तरुण मुलांची पथकं. आणि शास्त्रज्ञांच्या मागे लागणं. शास्त्रज्ञांनी कट केलाय अशी आवई उठते, मग त्यांची नोंदणी, मग शेजारी बोलेनासे होतात, मग माणसं नाहीशी होऊ लागतात. ज्यांना सरड्याचं कातडं ओळखता येईल त्यांनाच आधी बाजूला काढलं.

पण मला आज लिहायचंय ते बर्नस्टीनांच्या घराबद्दल.

लॉस एंजेलिसमधलं हे साधं ज्यू कुटुंब. म्हातारा अब्राहम, मुलगा स्टॅन्ली, सून लिन, नातू डॅनियल. शेजारी मॅक्सवेल, मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे आता गुन्हेगार. बायको-मुलींसह तो आसरा मागायला येतो. स्टॅन्ली घाबरतो, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याला पोर आहे, घर आहे. तेव्हा अब्राहम मुलाला असं काही सांगतो जे त्यानं आजवर लपवलेलं असतं. तुझी आई छळछावणीच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात हृदयविकारानं गेली नाही. ती छावणीपर्यंत पोचली होती. थंडीत उघडीवाघडी उभी होती, तिचे सुंदर काळे केस कापून टाकले होते. तिनं लांबून हात हलवला, आणि तिला इतरांबरोबर न्हाणीघरात नेलं. त्या न्हाणीघरात पाणी नव्हतं. आम्हाला तेव्हा कुणी लपायला जागा दिली असती तर, एवढंच तो म्हणतो. हे लोक इथं राहतील.

मी हे अण्णांना सांगायला थांबवलं आणि माझा आवाज फुटेना. अण्णा म्हणाले, "माहीत आहे. तेव्हाही मला नीट सांगता आलं नव्हतं."

खरंच नव्हतं आलं. मला ते आज आठवलं. १९८६च्या त्या रात्री या जागी अण्णा बराच वेळ गप्प राहिले, मागून कुणीतरी "काय म्हणतोय, सर?" असं विचारलं आणि अण्णा म्हणाले, "म्हणतोय, लपवू त्यांना." एवढंच. आणि त्याआधीच आजी बोलून गेली होती, "लपिवत्यात ते." तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तिला कळलं होतं.

आजीचं सासर कुंडलच्या बाजूचं. १९४३ ते १९४६ साताऱ्याकडे प्रतिसरकार होतं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं, आणि त्या सगळ्या पट्ट्यात भूमिगत कार्यकर्ते रात्रीच्या रात्री एका गावातून दुसऱ्या गावात हलत. आमच्या गोठ्यावरच्या माळ्यावर कडब्यामागे कोण कोण राहून गेलं त्याची यादी आजीनं कधीच सांगितली नाही. तिला विचारलं की ती भाकरीबद्दल बोलायची. माणूस लपतो, भाकरी लपत नाही. रोज आठ भाकऱ्या थापणाऱ्या घरात बारा थापल्या की नुसत्या थापण्याच्या आवाजावरून शेजारणीला कळतं. म्हणून जास्तीच्या चार ती पहाटे, जात्याची घरघर चालू असताना थापायची. जातं जाऊबाईंनी ओढायचं.

आज बर्नस्टीनांच्या घरामागच्या त्या पोहण्याच्या तलावाजवळच्या खोलीत मॅक्सवेल कुटुंब दबकून बसलेलं पाहताना मी सारखी त्यांच्या जेवणाचा विचार करत होते. ताटं कुणी धुतली, कचऱ्यात काय टाकलं. मालिका त्यात शिरत नाही. आजी शिरली असती.

घात होतो तो नातवाकडून. डॅनियल कुठल्याच नोकरीत टिकलेला नाही, घरात त्याला कुणी मोजत नाही. पाहुण्यांनी त्याला गणवेश दिला, कमरेला हत्यार दिलं. मॅक्सवेलांची रॉबिन त्याला आवडते, तिला हा नकोय. तो सांगून टाकतो. आईबाप आणि आजोबा, सगळे पकडले जातात. म्हातारा परत येत नाही. मला वाटायचं की मालिकेतला दुष्ट माणूस म्हणजे डायना. आता वाटतं, डायनाला ओळखणं सोपं आहे, ती गिनीपिग खाते. डॅनियल चहा मागतो, खुर्चीत पाय पसरून बसतो, आपल्या घरातला असतो.

दुसरा घात तर आणखी अवघड. मॅक्सवेलची मुलगी पाहुण्यांच्या ताब्यात असते आणि तिला सोडवण्यासाठी तो बंडखोरांच्या डोंगरातल्या तळाचा ठावठिकाणा देतो. पाहुणे शब्द पाळत नाहीत, ठरल्याआधीच हल्ला करतात, आणि त्यात त्याची बायको मरते. अण्णांनी इथं मला हातानं थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई तेव्हा म्हणाली होती, पोराला सांगायचं नसतं. डॅनियलच्या वेळी. तुला आठवतंय?"

नव्हतं आठवत.

"मी चार-पाच वर्षांचा होतो. माळ्यावर एक माणूस होता. आईनं मला सांगितलं, हे तुझे मामा, आजारी आहेत, बाहेर कुणाला सांगितलं तर त्यांना दृष्ट लागते. त्यांनी मला बाभळीच्या लाकडाचा बैल करून दिला. ते माझे मामा नव्हते हे मला मॅट्रिक झाल्यावर कळलं."

ते मामा पुढे कुठे गेले, अण्णांना ठाऊक नाही. आजीनं सांगितलं नाही. १९८६ साली, गल्लीतल्या वीस माणसांसमोर, अण्णा त्या जागी गप्प का झाले असतील ते मी आज विचारलं नाही. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्यावर माझा ठेवला.

आणि आता शेवट, ज्याच्यासाठी मी चाळीस वर्षं थांबले. काकांची कॅसेट ई-१८० होती, म्हणजे तीन तासांची. मालिका त्याहून मोठी. डोंगरातल्या तळावर यानं चालून आली आहेत, सगळीकडे आग, डॉक्टरकीची विद्यार्थिनी ज्युलिएट हातात एक साधं पिस्तूल घेऊन वरून झेपावणाऱ्या यानासमोर उभी राहते, आणि तिथेच आमच्या पडद्यावर मुंग्या. वीस माणसांचा एकदम हाय असा आवाज झाला. काकांनी कॅसेट पुढेमागे केली, काहीच नव्हतं. मग सगळे अण्णांकडे पाहू लागले. अण्णा म्हणाले, "जिंकले. पाहुणे गेले परत."

आजीनं विचारलं, "पाणी दिलं का माघारी?"

अण्णा म्हणाले, "दिलं."

खरा शेवट तसा नाही. डोनोव्हन पाहुण्यांचंच एक यान पळवून वेळेवर येतो, हल्ला परतवला जातो, पण यानं शहरावर तशीच उभी आहेत, पाणी चाललंच आहे, माणसं कोंडलेलीच आहेत. बंडखोर आपले मेलेले लोक मोजतात. मग एक संदेश अवकाशात पाठवतात, या पाहुण्यांचे जे कुणी शत्रू असतील त्यांच्यासाठी. कुणी ऐकेल की नाही माहीत नाही, ऐकलं तर यायला किती वर्षं लागतील माहीत नाही. आणि तिथं मालिका संपते. पुढच्या वर्षी, १९८४मध्ये, दुसरी मालिका आली, त्यात लढाईचा निकाल लागतो, पण ती अर्ध्यातून जॉन्सन यांच्या हातून गेलेली. ती मला आत्ता पाहायची नाही.

मी हे अण्णांना सावकाश सांगितलं. ऐकून त्यांनी मान हलवली. "म्हणजे मी आईला खोटं सांगितलं."

रविवार, सकाळी

अण्णा लवकर उठले होते. चहा घेताना म्हणाले, तो म्हातारा भिंतीवर काहीतरी लिहितो ना, पोरांना शिकवतो, ते पुन्हा लाव. मी तबकडी घातली. शोधायला वेळ लागला. पोरं पाहुण्यांच्या भित्तिपत्रकावर रंगाचे फराटे ओढत असतात, अब्राहम येतो, ती घाबरतात. तो रागवत नाही. लिहायचंच तर नीट लिहा म्हणून डबा हातात घेतो आणि लाल रंगात मोठा व्ही काढतो, विजयातला व्ही, आणि तुमच्या मित्रांना सांगा म्हणतो.

अण्णांनी तीन वेळा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी काहीच सांगितलं नाही, त्यांनाही लागलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "मालिकेच्या सुरुवातीला काही अक्षरं होती, ती परवा तू वाचलीच नाहीस." बरोबर होतं, घाईत सुटली होती. मागे नेऊन वाचली. प्रतिकार करणाऱ्या वीरांना ही मालिका आदरपूर्वक अर्पण, जे होऊन गेले, जे आज आहेत आणि जे पुढे होतील त्यांना.

अण्णा उठले, काठी घेतली, खोलीत गेले. जुन्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बैल शोधत असावेत. मी मदतीला जाते.