चरात घावला, तरी हरवलाच

साताऱ्याबाहेर नऊ होलच्या एका खासगी कोर्सवर गोल्फची स्पर्धा होती आणि नियम बघायला मी. पावसाळा नुकताच सरलेला. चौथ्या होलच्या उजव्या अंगाला पाणी काढून द्यायला चर खणत होते. भोवती चुन्याची रेघ मारून ती जागा दुरुस्तीखाली जाहीर केली होती. रेघेला लागूनच गुडघाभर गवत.

अण्णांचा टीवरचा, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथला पहिला, फटका नेमका तिकडे वळला. सगळे शोधायला लागलो. २०१९पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात.

"चरातच गेलाय. फुकट ड्रॉप द्या," अण्णा म्हणाले.

नियम १६.१ तशी मुभा देतो. चेंडू मिळाला नाही तरी तो दुरुस्तीच्या जागेतच आहे हे माहीत असेल किंवा जवळपास नक्की असेल, तर तो रेघ ओलांडून जिथून आत गेला असावा तिथून मोजून, दंड न लावता बाहेर चेंडू टाकून खेळायची सुटका. पण जवळपास नक्की म्हणजे किमान ९५ टक्के. मी एकेकाला विचारलं. चेंडू रेघेच्या आत पडताना कुणीच पाहिला नव्हता. काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "त्या बाजूला गेला, एवढंच दिसलं." मग तो गवतातही असू शकतो. दुसरीकडे नाही म्हणून चरातच, हा हिशेब चालत नाही. वेळ संपली. चेंडू हरवला, एका फटक्याचा दंड, टीवरून तिसरा फटका.

अण्णा तणतणत निम्म्या वाटेवर पोचले तोच चर खणणारा गडी ओरडला, "सायेब, ह्यो काय, चिखलात घावला की!" फावड्याच्या पात्यावर चेंडू, त्यावर हिरव्या शाईचे दोन ठिपके. अण्णांचाच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णांच्या फटक्यांचं कार्ड लिहिणारे वकीलसाहेबसुद्धा म्हणाले, "अहो, द्या की आता!"

नाही देता येत. खात्री होती की नाही, हे तीन मिनिटं संपताना हाती असलेल्या माहितीवरच ठरतं. नंतर खुद्द चेंडू हातात आला तरी उपयोग नाही. नियम कडक आहे, पण मला पटतो. नाहीतर मागचे गट उन्हात ताटकळत बसले असते आणि आम्ही चर उपसत.

अण्णांनी त्या होलवर सात फटके लिहिले. चहाच्या वेळी जवळ येऊन विचारलं, "आधीच टीवरून दुसरा राखीव चेंडू, प्रोव्हिजनल, मारून ठेवला असता तर?"

"दंड तेवढाच बसला असता अण्णा, पण पायपीट वाचली असती."

"मग हे टीवरच सांगायचं की, लेका!"