तुम्ही विचारलंत म्हणून: तो तास रुग्णांना का देत नाही?

"पहाटे तासभर नुसती बसून राहतेस, तोच वेळ एखाद्या रुग्णापाशी का नाही घालवत?" हे चर्चमध्ये विचारतात, घरी विचारतात. ज्यांच्याकडे मी सेवेला जाते तेही आडून आडून विचारतात. काहींचं उलट असतं: एवढी धावपळ कशाला, प्रभूपाशी शांत बस. दोन्हीकडचे लोक बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या बहिणी माझ्यापुढे उभ्या करतात: येशूच्या पाहुणचारात धावपळ करणारी मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरिया. मी उत्तर देणं सोडलं होतं. आज देते.

एका आजींच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचं करत होते. अंग पुसायचं, कूस बदलायची, ओठ सुकले की ओल्या कापसानं टिपायचे. बोलणं थांबलं होतं, पण हात धरला की त्या बोटं आवळायच्या. रात्री मुलगा जवळ असायचा, सकाळी मी. त्या पहाटे मी नेहमीसारखी प्रार्थनेला बसले, फोन दुसऱ्या खोलीत. उठून बघते तर त्याचे फोन येऊन गेलेले. पोचले तेव्हा आजींचं तोंड तसंच उघडं होतं आणि उशाशी कापसाचा बोळा वाळून कडक झाला होता. मुलगा म्हणाला, "आई शेवटी दाराकडे बघत होती. तुम्ही देवाशी बोलत होतात ना?" आवाज जरासुद्धा चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

ती माझी वेळ नव्हती. पोटचा मुलगा जवळ होता. आणि मरताना माणूस दाराकडे बघतो तेव्हा कुणाची वाट बघतो, हे कुणी सांगावं? हे सगळं मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आजही सांगते. त्याचं ते वाक्य तरीही जात नाही.

पुढे काही काळ मी बसणंच सोडलं. आधाराला गरिबांची सेवा करणारे फ्रेंच धर्मगुरू संत विन्सेंट डी पॉल होते. 1633 साली सुरू झालेल्या त्यांच्या सेविका-भगिनींना ते सांगत, की प्रार्थनेच्या वेळी गरिबाला औषध न्यायचं निघालं तर निश्चिंत मनानं उठा, ते देवासाठीच देवाला सोडणं आहे. खरंच आहे. पण त्या भगिनी रोज पहाटे बसत होत्या, म्हणून उठत होत्या. मी सोडत होते ते काय? एका घरी रुग्णानं पाणी मागितलं आणि मी म्हणाले, "थांबा, आधी चादर होऊ दे." चादर अगदी चापूनचोपून घातली. माणूस तहानलेलाच. सेवा वाढली होती आणि मला समोरचा माणूस दिसेनासा झाला होता.

म्हणून परत बसू लागले. स्पेनमधल्या अविलाची जोगीण संत तेरेझा, तिनं 1577 साली लिहिलं, की प्रभूचा पाहुणचार मार्था आणि मरिया दोघींनी मिळूनच करायला हवा. मला ते पटतं. पण दोघींना एकाच वेळी हाक आली तर कुणी जायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मला पूर्वी दिलासा द्यायचा. संध्याकाळी रुग्णांना घेऊन सगळं गाव दाराशी लोटलेलं. पहाटे अंधारातच येशू एकांतात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो: सगळे तुमचा शोध करताहेत. आणि येशू त्या दाराशी परत न जाता म्हणतो, आसपासच्या गावांत जाऊ. तरुणपणी मी हे सांगून लोकांची तोंडं बंद करायची: बघा, प्रभूनंही सगळ्यांना वेळ दिला नाही! आता वाचताना त्या दाराशी उरलेले लोक डोळ्यांपुढे येतात. त्यांचं पुढे काय झालं, हे मार्क लिहीत नाही.

हल्ली फोन शेजारी असतो, आवाज चालू ठेवून. वाजला तर उठते. नाही वाजला तरी अर्धा कान तिकडेच असतो. याला प्रार्थना म्हणायची की नाही, यावरून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर जरूर विचारा, फक्त मी गप्प राहिले तर तो अहंकार समजू नका.