गीझरचं खातं

गीझरला दोन गोष्टी लागत: पाणी आणि वीज. आता तिसरी लागते ती ई-मेल पत्ता, आणि चौथी त्याचा पासवर्ड. त्यात एक कॅपिटल अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवंच. १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं घेतो. त्याला लावायचा स्मार्ट प्लग, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारा प्लग, घरच्या वाय-फायला जोडायला, सगळं सुरळीत झालं तर, पाच मिनिटं पुरतात. पण बहुधा पाणीच आधी तापतं.

सुरळीत न होण्याची कारणं मात्र ठरलेली आहेत. प्लगचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागला की ॲप उघडायचं, देश निवडायचा, ओटीपी टाकायचा. मग ॲप लोकेशनची परवानगी मागतं. पाणी तापवायचं तर आपण कुठे राहतो ते कशाला हवं, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर आसपासच्या वाय-फायची यादी बघायलाच ही परवानगी लागते, कारण त्या यादीवरून माणूस कुठे आहे ते कळतं. खरी ठेच लागते ती यानंतर. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि असले बहुतेक प्लग फक्त २.४ वर चालतात. त्यांतली चिप स्वस्तातली असते. फायबरवाल्याने बसवलेला राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाखाली चालवतो, फोन ५ वर असतो, आणि ॲपमधली टक्केवारी शंभराच्या अलीकडे कुठेतरी अडकते. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर, म्हणजे वाय-फायला कुलूप लावायच्या नव्या पद्धतीवर, ठेवली असेल तरी हेच होतं. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्यावं, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवावी आणि जोडताना फोनही त्याच नावावर आणावा. गेस्ट नेटवर्कवरही, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवरही, प्लग जोडला जातो, पण तिथली उपकरणं सहसा घरातल्या बाकीच्यांना दिसत नाहीत आणि ते पुढे नडतं.

एवढ्यावरही जमलं नाही तर बटण पुन्हा दाबून धरायचं. दिवा सावकाश लुकलुकायला लागतो आणि प्लग स्वतःचंच छोटं वाय-फाय सुरू करतो. फोन त्याला जोडायचा. इथे फोनचा शहाणपणा आडवा येतो. या वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर निघून जातो. म्हणून आधी मोबाइल डेटा बंद करायचा.

हे सगळं पार पडल्यावर बाथरूमच्या दारात उभं राहून फोनवर बोट टेकवलं, की आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. तो मुंबईत असेल, नाहीतर फ्रँकफर्टला. तिथून ती त्याच घरातल्या राउटरवर परत येते आणि प्लगमधला रिले, म्हणजे आतलं विजेचं बटण, टक् करतो. हा द्राविडी प्राणायाम निव्वळ खोडसाळपणा नव्हे. घरचा राउटर बाहेरून आलेल्या कुणालाही सहजी आत घेत नाही. म्हणून प्लगच आतून सर्व्हरशी एक जोडणी कायम उघडी ठेवतो आणि हुकूम त्या वाटेने येतात. ऑफिसातून गीझर बंद करायचा तर ही सोय हवीच. बाथरूमच्या दारातून चालू करायला ती कशाला? तक्रार तेवढीच आहे, पण रोजची आहे.

अमेरिकेत भिंतीवरच्या बहुतेक सॉकेटांना स्वतंत्र बटण नसतं. आपल्याकडे जवळपास प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असतं, आणि प्रत्येक घरात ती बटणं बंद करत फिरणारं एक माणूस असतं. आजीने ‘काम झालं की बटण बंद’ या नियमाने गीझरचं १६ अँपिअरचं बटण बंद केलं की प्लगचा प्राणच गेला. ॲपमध्ये तो करडा पडतो, ‘ऑफलाइन’ म्हणतो, आणि नातू हिंजवडीहून फोन करून सांगतो, “आजी, तेवढं बाथरूमचं बटण लाव ना.” आजी बटण लावते. गीझर तिनेच चालू केलेला असतो. श्रेय ॲपला जातं.

स्मार्ट बल्बांची गत याहून वाईट. बल्बला स्वतःचं बटण नसतं, त्यामुळे त्याला रीसेट करायची खूण अशी ठरवलेली असते: तीन किंवा पाच वेळा भराभर बंद-चालू. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते तेव्हा नेमकं हेच घडतं. मग रात्री दोनला वीज एकदाची स्थिरावते आणि बेडरूममधला बल्ब सगळी ओळख विसरून, नव्या मालकाच्या शोधात लुकलुकत बसतो. खोलीत झोपलेल्यांनी काय करावं याचं उत्तर पुस्तिकेत नसतं. बटण बंद करावं, दुसरं काय.

वीज परत आल्यावर प्लग काय करतो, ही बाब तर विकत घेताना कुणी विचारतच नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर-ऑन स्टेट’ अशी एक ओळ असते. तिथे चालू, बंद आणि ‘होता तसा’ असे तीन पर्याय. अनेक प्लगांत मुळात ‘होता तसा’ हाच असतो. म्हणजे गीझर चालू असताना वीज गेली, माणसं कामावर गेली आणि दुपारी वीज आली, तर रिकाम्या घरात गीझर पुन्हा सुरू. गीझरसाठी तिथे ‘बंद’ निवडावं. वेळापत्रकाची गंमत वेगळीच. पहाटे साडेपाचची वेळ बऱ्याच प्लगांच्या स्वतःच्या स्मृतीत असते, पण घड्याळ चालू ठेवायला आत सेल नसतो. वीज गेली की वेळ विसरला. परत आली की इंटरनेटवरून विचारून घेतो. फायबर तुटलेली असेल तर साडेपाच वाजायचेत हे त्याला पाठ असतं, आत्ता किती वाजलेत ते ठाऊक नसतं.

मग मालकीचा प्रश्न. प्लग भिंतीत असला तरी त्याच्या सातबाऱ्यावर नाव असतं खात्याचं, आणि तो सातबारा सर्व्हरवर. फोन बदलला तर अडत नाही. ओटीपी येणारा नंबर बंद झाला तर अडतं. फ्लॅट विकताना कॅमेरा किंवा दाराचं कुलूप तसंच सोडलं, तर नव्या माणसाने कितीही वेळा रीसेट केलं तरी ‘हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे’ असं उत्तर येऊ शकतं. जुन्या मालकाने त्याच्या ॲपमधून ते काढून टाकावं लागतं. देश निवडण्याची पायरीही वाटते तितकी किरकोळ नाही. काही ॲपांत खात्याचा देश नंतर बदलता येत नाही आणि वेगळ्या विभागातल्या खात्याबरोबर घर वाटून घेता येत नाही. न्यू जर्सीतल्या लेकीने तिथल्या खात्यावर सांगलीतल्या आई-वडिलांचे प्लग जोडून दिले आणि मग ते वडिलांच्या इथल्या खात्याला दाखवायचे म्हटलं, तर सगळं काढून पहिल्यापासून. त्यापेक्षा घराच्या नावाचा एक वेगळा ई-मेल उघडावा, सगळी उपकरणं त्यावर जोडावीत आणि पासवर्ड गॅसच्या पुस्तकाशेजारी वहीत लिहून ठेवावा. सुरक्षातज्ज्ञ नाक मुरडतील, मुरडू देत.

शेवटी सर्व्हर चालवणाराच उठून गेला तर? गूगलच्या छत्राखालच्या नेस्ट कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह ही घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारे हब बनवणारी कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिचा सर्व्हर बंद केला. तीनशे डॉलरचे हब त्या दिवशी निकामी झाले. इन्स्टिऑन या अशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये एकाएकी गप्प झाले. बेल्किन कंपनीने आपल्या वीमो स्मार्ट प्लगांची क्लाउड, म्हणजे सर्व्हरवरची, सेवा ३१ जानेवारी २०२६ ही तारीख देऊन थांबवली. ज्यांनी आधीच ते प्लग ॲपलच्या होमकिट या घरातली उपकरणं चालवायच्या व्यवस्थेला जोडले होते त्यांचे चालू राहिले, कारण तिथली आज्ञा घरातल्या घरात फिरते.

हा फरक दुकानदाराला विचारून कळत नाही, पण घरी दोन मिनिटांत तपासता येतो. राउटर चालू ठेवायचा, फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढायची. फोन वाय-फायवर, मोबाइल डेटा बंद. ॲपमधून प्लग चालू झाला तर आज्ञा घरातच फिरते आहे. ‘नेटवर्क तपासा’ आलं तर नाही. गेस्ट नेटवर्क नडतं ते इथे. ही परीक्षा वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत घ्यावी. खोक्यावर ‘मॅटर’ या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकाचं चिन्ह असेल तर निकाल चांगला लागण्याची शक्यता अधिक, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या मानकात आज्ञा घरच्या नेटवर्कवरूनच जाते. हौशी मंडळी ईएसपी८२६६ चिपच्या प्लगांत कंपनीचा प्रोग्राम पुसून टास्मोटा हा मोफत प्रोग्राम टाकतात, मग खात्याची कटकटच राहत नाही. पण नव्या प्लगांत बरेचदा दुसरीच चिप निघते, आणि प्लग भिंतीच्या सॉकेटात असताना हा उद्योग केला तर कॉम्प्युटरसकट हात गमवायची पाळी येते. चिपला ३.३ व्होल्ट लागतात, २३० नव्हे.

ज्यांना फक्त पहाटेचं गरम पाणी हवं आहे त्यांच्यासाठी तबकडीचा यांत्रिक टायमर अजून मिळतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खुंट्या, हव्या तेवढ्या दाबायच्या. घेताना १६ अँपिअरचाच घ्यावा. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा १३, आणि १० अँपिअरच्या टायमरची संपर्कपट्टी रोज तापून काळी पडते. खोड त्यालाही आहे: साध्या टायमरची मोटर विजेवर फिरते, त्यामुळे वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे पडतो. मग तबकडी बोटाने फिरवून पुढे आणायची. ते आजीलाही जमतं.