तिकडं काऊन गेलो होतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. पारावर विचारलंत, राळेगावच्या बसस्टँडवर विचारलंत, सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या मामांनी विचारलं, आणि आता कॉलेजातली पोरंही विचारतात. शब्द थोडे इकडचे तिकडे, प्रश्न तोच: आपल्या गावच्या शाळेत चार वर्ग अन् दोन मास्तर असताना तू टांझानियाले शिकवाले काऊन गेल्ता?

एक उत्तर मी सगळ्यांना देतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

ते उत्तर असं, की मला इथं शिकवायला कोणी ठेवलं नाही. मी 2011 ला डी.एड. झालो. शिक्षकभरतीची सीईटी 2010 मध्येच होऊन गेली होती, आणि मे 2012 पासून भरतीच बंद झाली. पुढची परीक्षा निघाली ती थेट डिसेंबर 2017 मध्ये. खासगी अनुदानित शाळेत एक जागा होती. संस्थाचालकांनी सांगितलेल्या आकड्यात आमची पाच एकर कोरडवाहू गेली असती. बाबा विकायला तयार होते, मी नाही म्हटलं. त्या वयात केलेल्या गोष्टींपैकी तेवढ्या एकीबद्दल मला आजही शंका नाही.

मग एका संस्थेतून तीन वर्षं मेळघाटात काढली, धारणी तालुक्यात. पाण्याला 'डा' म्हणणाऱ्या कोरकू लेकराला 'पाणी' वाचायला शिकवायचं, तेही जवळ खडूफळ्याशिवाय काही नसताना, हे काम मी तिथं शिकलो. याच अनुभवावर मला बाहेर घेतलं. ज्यांनी नेलं त्यांना भरगच्च वर्ग आणि रिकामी कपाटं पाहिलेले शिक्षक हवे होते. माझ्यासोबत दोघं केनियाचे होते, एक बाई फिलिपिन्सच्या. विमानाचं तिकीट, राहायला एक खोली आणि भाजीपाला-बसभाड्यापुरता भत्ता. पगार नाही. बाहेर जाऊन मी पैसा केला असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचं घर पाहावं, कवेलू तेच आहेत.

पैसे भरून दोन आठवड्यांसाठी येणारे गटही तिथं असतात, हेही सांगतो. शाळेची भिंत रंगवायची, मुलांसोबत फोटो काढायचे आणि सफारीला जायचं. शेजारच्या गावातल्या शाळेची एकच भिंत वर्षात दोनदा रंगलेली मी पाहिली आहे, आणि त्याच शाळेत मुलींना धड संडास नव्हता. त्या पोरांवर मी चिडायचो. पण त्यातली काही उन्हात मनापासून राबायची. त्यांना काम नेमून देणाऱ्यांनी गावाला काय हवं ते विचारलं नव्हतं, यात त्या पोरांचा दोष किती धरायचा?

व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेला सिमियू म्हणून प्रांत आहे, तिथं मी होतो. 2016 च्या ऑगस्टमध्ये पोचलो तेव्हा वेचणी उरकली होती आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागले होते. यवतमाळ सोडून इतका लांब आलो आणि पुन्हा कापसातच. तिकडचा कापूसही आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावरचा आणि हातानं वेचायचा. कापसाला ते पांबा म्हणतात, गणिताला हिसाबाती, पैशाला पेसा, पुस्तकाला किताबू. लाखाला लाकी. हिसाबाती हा शब्द ऐकला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथं आपलं जमेल. सकाळी तिथल्या सुकुमा जमातीच्या म्हाताऱ्या 'म्वांगालुका' असा नमस्कार करून थांबायच्या, आणि मुलं मान लवून 'शिकामो, म्वालिमू' म्हणायची. म्वालिमू म्हणजे गुरुजी.

हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

2016 च्या जानेवारीपासून त्या सरकारनं फी माफ केली होती आणि वर्ग तुडुंब भरले होते. माझ्याकडे सातवी, 64 मुलं, गणित आणि इंग्रजी. त्यांच्याकडे तेव्हा प्राथमिक सातवीला संपायचं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारी परीक्षा असायची. त्या निकालावर माध्यमिकला जागा ठरायची. नाही लागला निकाल तर पोरगा गुरांमागं, आणि पोरीचं तर लग्नच काढतात. हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

2017 चा पोळा 21 ऑगस्टला होता. पाचव्या दिवशी, शनिवारी, मी मुलांचा जादा तास घेत होतो. फोनला रेंज फक्त शाळेमागच्या आंब्याखाली यायची. मधल्या सुट्टीत तिथं गेलो तर पुतणीचे तीन व्हॉइस मेसेज. ती तेव्हा नऊ वर्षांची. पहिल्यात म्हणाली, "काका, बाबा फवारून आले अन् ओकून रायले." दुसऱ्यात, "बाबाले मी दिसतच नाई म्हणते." तिसऱ्यात बोलणं नव्हतंच. गाडीचा आवाज, वहिनीचं रडणं, आणि त्यात एक श्वास, गळ्यात पाणी अडकल्यासारखा. भावाचा होता.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं सगळे मिळेल ते औषध मिळेल त्यात मिसळून मारत होते, आणि उंच पऱ्हाटीत वर धरलेला फवारा तोंडावरच येत होता. कृषी केंद्रवाला सांगेल ते औषध आणि बॅटरीचा पंप. तोंडाला फार तर दुपट्टा. यवतमाळ जिल्ह्यात त्या मोसमात फवारणीच्या विषबाधेनं किमान वीस जण गेले. नंतर पेपरात आलं, समित्या बसल्या. त्या शनिवारी यातलं काही मला माहीत नव्हतं. बाबांशी बोलणं झालं ते रात्री. ते दवाखान्याच्या व्हरांड्यातून बोलत होते. विषावरचं अॅट्रोपिन चालू आहे आणि श्वासाची मशीन लावली आहे, असं म्हणाले. 'मशीन' हा शब्द ते दोनदा म्हणाले.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की मला सुट्टी मिळाली नाही. परीक्षा होती, तिकडचे नियम कडक असतात, तिकीट लगेच निघत नाही. आईला हेच सांगितलं, बाबांना हेच, आणि तुम्हालाही.

ते खोटं आहे.

सोमवारी सकाळी मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या, 'पोले साना', फार वाईट झालं, म्हणाल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नेंदा न्युम्बानी." घरी जा. तास मी घेईन, दुसरे मास्तर घेतील, अठरा वर्षं आम्हीच घेत होतो. संस्थेलाही मी फोन केला. घरातलं कोणी अत्यवस्थ असलं तर जाण्या-येण्याचं तिकीट नियमातच होतं. समोरच्या माणसानं विचारलं, उद्याचं काढू का? मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत थांबतो.

तिकडून कोणीच अडवलं नव्हतं. दवाखान्यात जाऊन मी काय करणार होतो, औषध तर डॉक्टरच देणार, असं तेव्हा मनाशी म्हटलं. ही 64 मुलं वाऱ्यावर सोडून जायची का, असंही म्हटलं. त्या दिवसांतली वही माझ्याकडे आहे. तीत लिहिलंय: 'भावाजवळ बाबा आहेत, वहिनी आहे. यांच्याजवळ कोण आहे?' आज ते वाक्य वाचलं की त्या पोराला धरून हलवावंसं वाटतं. अरे, यांच्याजवळ त्यांचे आईबाप आहेत, अठरा वर्षं शिकवलेल्या बाई आहेत. आणि बाबांजवळ कोण आहे? दवाखान्याच्या व्हरांड्यात पेपर अंथरून झोपणाऱ्या बासष्ट वर्षांच्या माणसाजवळ?

पण त्या वहीतला पोरगाही मुकाट ऐकून घेत नाही. तो म्हणतो, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सतरा मुलं माझ्या खोलीसमोर कंदिलाच्या उजेडात अपूर्णांक सोडवत बसली होती, ते विसरलास? नाही विसरलो. त्या सतरांतले बाराजण पास झाले, तेही मला पाठ आहे. आणि आदल्या वर्षीच्या वर्गापेक्षा एकूण दोनच मुलं जास्त पास झाली, हेही पाठ आहे. त्या दोघांसाठी थांबणं बरोबर होतं का? ती दोघं माझ्यामुळंच पास झाली का? यावर मी कितीदा बसलो असेन, हिसाब लागत नाही.

खरं कारण सांगतो. तिथं मी म्वालिमू होतो. इथं बत्तीस गावांत मी 'डी.एड. होऊन बसलेला' होतो. लग्नात कोणी ओळख करून देताना एक क्षण अडखळायचा, की याला काय म्हणून सांगावं. तिथं रस्त्यानं जाताना सायकलवाला उतरून नमस्कार करायचा. विमानात बसलो की हे सगळं गळून पडेल आणि मी पुन्हा तोच होईन, ही भीती भावाच्या श्वासापेक्षा त्या सोमवारी मोठी ठरली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

परीक्षा गुरुवारी संपली. मी मंगळवारी, 12 सप्टेंबरला घरी पोचलो. भाऊ वाचला होता. अकरा दिवस दवाखान्यात काढून सहा दिवसांपूर्वीच घरी आला होता. खाटेवर पडलेला, डोळ्यांवर ओला रुमाल. मी त्याचा हात हातात घेतला तर बोटांच्या पेरांना अजून औषधाचा वास होता. इतक्या आंघोळींनंतर. तो म्हणाला, "आला काय? जेवला काय?" बाकी काही नाही. वहिनीनं पाण्याचा गडवा माझ्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "भाऊजी, तिकडच्या लेकराईची परीक्षा होती म्हणते तुमची. इकडं आमची नोती का?"

मी तेव्हाच सुट्टीचं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिला पटलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

परत गेलो नाही. खोलीतलं सामान फिलिपिन्सच्या बाईंनी मुलांना वाटून टाकलं. डिसेंबरात निघालेली परीक्षा दिली, यादीत नाव लागलं नाही. आता सकाळी तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवतो आणि बाकीचा वेळ वावर. भावाला उन्हात चालत नाही. नजर धूसर राहिली ती राहिलीच. त्यामुळं फवारणी आता माझ्याकडे आहे, मास्क आणि हातमोजे घालूनच करतो.

तुमच्यातले काही जण मला बाबा आमट्यांचं नाव सांगतात, सेवा इथंच करावी म्हणून. आनंदवनाचं मला माहीत आहे. 1950 च्या दशकात तिथं 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे स्वयंसेवक देशोदेशींहून आले आणि त्यांनी बांधकामाला हात लावला. त्याच संस्थेचे स्विस संस्थापक पिएर सेरेसोल 1934 च्या बिहार भूकंपानंतर गावं उभारायला आले होते. त्यांना कोणी म्हटलं नाही की तुमच्या देशात काम नाही का. हा मुद्दा मी जायच्या आधी भांडून भांडून मांडायचो आणि आजही तो मला खोटा वाटत नाही. कुडाची शाळा सिमियूतली असो की धारणीतली, तिथल्या मुलाला गणित आलं पाहिजे. फक्त आता मला हेही सुचतं, की तेव्हा बाहेरून आलेल्यांच्या मागं त्यांच्या घरी कोण कोण राहिलं असेल. सेवाग्राम आमच्यापासून तासा-दीड तासावर. तिथं गेलो की परदेशातून येऊन राबलेल्यांची आठवण निघते. मी मात्र आता त्यांच्या बहिणींचा आणि भावांचा विचार करतो.

कॉलेजातली पोरं फॉर्म कसा भरायचा विचारतात तेव्हा मी सांगतो. कोणती संस्था पैसे मागते, कोणती काम पाहून घेते, सगळं सांगतो. जाऊ नको असं मी कोणाला म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. घरून फोन आला तर येशील का, एवढं विचारायचं असतं. ते तोंडाशी येतं आणि राहून जातं.

हे छापून आलं की पुतणी भावाला वाचून दाखवेल, कारण बारीक अक्षर त्याला दिसत नाही. तिच्या तोंडून त्यानं ते ऐकावं हे मला बरं वाटेना. म्हणून काल जेवणं झाल्यावर मीच कागद घेऊन त्याच्या खाटेपाशी बसलो. कापसाचं, म्वालिमूचं ऐकताना तो हं हं करत होता. पोळ्यापाशी आलो तेव्हा चूप झाला. वहिनी चुलीपाशी भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला कळला. सुट्टीच्या ओळीपर्यंत आलो आणि पुढं वाचवेना.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "समोर वाच."