मुलगी तुम्हालाच कशी सांगते?

मुलींना ग्राउंडवर सोडायला येणाऱ्या आया मला हमखास विचारतात, ‘मॅडम, पाय दुखतोय म्हणून घरी चकार शब्द काढत नाही, तुम्हाला बरी सांगते! असं काय करता तुम्ही?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मलाही त्या सहजासहजी सांगत नाहीत. सांगणं परवडायला हवं ना!

मी मुलींना 800 आणि 1500 मीटर पळवते. राज्य स्पर्धेला कोणाला न्यायचं यात माझा शब्द चालतो. त्या स्पर्धेवर दहावी-बारावीचे क्रीडा गुण अवलंबून, आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणावर तर अख्ख्या घराचा डोळा. अशा वेळी माझ्याकडे येऊन नडगी दुखते म्हणणं म्हणजे परीक्षकालाच गाठून ‘माझा अभ्यास कच्चा आहे’ सांगणं. ‘कशी आहेस?’ विचारलं तर ‘बरी आहे मॅडम’ याखेरीज दुसरं काय येणार?

म्हणून मी म्हणते, ‘कुठे दुखतंय, बोट ठेव.’ नडगीवरून लांबलचक हात फिरवला तर बहुतेकदा ताण असतो, पळणं कमी केलं की उतरतो. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवली, रात्री झोपल्यावरही ठणकतं म्हणाली, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग डॉक्टरांनी पाहीपर्यंत स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, पिशवीत. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतही नाही. तोवर हातात असतं ते तिचं सांगणं.

पाळीचंही तेच. पाळी थांबली की कटकट गेली, असं मुलींना वाटतं. काही प्रशिक्षकांना तर ते चांगल्या तयारीचं लक्षण वाटतं, हे ऐकून मला संताप येतो. पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही तर शरीर आधी पाळी बंद करतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. अमेरिकेची धावपटू मेरी केन सतराव्या वर्षी तिथल्या धावपटूंच्या सर्वांत नामांकित प्रशिक्षण गटात गेली. वजन कमी कर, आणखी कमी कर, हे तिला सतत ऐकावं लागलं. पाळी तीन वर्षं बंद, पाच हाडं मोडली, हे तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. तिच्या आसपास तज्ज्ञांची कमी नव्हती. सांगण्याजोगं माणूस मात्र नव्हतं.

माझ्याकडे एक नियम आहे, तो मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगते. दुखणं सांगितलं म्हणून कोणी घरी बसणार नाही. पळणं बंद झालं तर सायकल, पोहणं, व्यायाम चालू राहील आणि ट्रायलला तिची जागा टायमिंगवरच ठरेल. नियमापेक्षा मुली पाहतात ते पहिली सांगणारी पुढे कुठे दिसते ते. ती टीमबाहेर गेली, तर त्या वर्षी दुसरी कोणी तोंड उघडणार नाही.

हल्ली असंही कानावर येतं की प्रशिक्षकानेही मुलांपुढे मन मोकळं करावं. मला ते अर्धंच पटतं. ‘आजचा वर्कआउट मी जड दिला, उद्या बदलू’ एवढं बोलायला लाज कसली? पण माझी घरची दुखणी मी पंधरा वर्षांच्या मुलीपुढे मांडली, तर ती मलाच सांभाळायला लागेल आणि स्वतःचं गिळून टाकेल. शिवाय मुलींशी दुखण्याचं, पाळीचं बोलणं उघड्या ग्राउंडवर, दुसऱ्या मॅडम नजरेच्या टप्प्यात असतानाच होतं. बंद खोलीत नाही.

आता तुमच्यासाठी. तिची वही माझ्याकडे असते. झोप, दुखणं, पाळी, सगळं त्यात लिहिते ती. ती वही मागू नका. काही काळजीचं दिसलं तर आधी तिला सांगेन आणि मग त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करेन. फोन आला की मात्र ‘सिलेक्शनचं काय?’ हा प्रश्न निदान त्या दिवशी तिच्यासमोर विचारू नका.