भौतिकशास्त्र शिकवले होते, एवढे लिहून द्या

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीत सर्वांत अवघड काय, असे इंदूरमधले विद्यार्थी मला विचारतात तेव्हा त्यांना परीक्षेबद्दल ऐकायचे असते. परीक्षा अवघड आहे हे खरे, पण तिची पुस्तके मिळतात आणि शिकवण्याही मिळतात. माझी खरी दमछाक झाली ती माझ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी, चार ओळींच्या एका प्रमाणपत्रासाठी. त्या खिडकीवरचा माझा राग अजून ओसरलेला नाही, त्यामुळे या लेखात तिला तिच्या लायकीपेक्षा जास्त जागा मिळणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

भारतीय विमानतळ प्राधिकरण ही भरती ‘कनिष्ठ कार्यकारी’ या पदासाठी करते. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेले उमेदवार तिला पात्र असतात. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचे पदवीधरही चालतात, मात्र त्यांच्या अभ्यासक्रमात कोणत्या तरी एका सत्रात हे दोन्ही विषय असले पाहिजेत. संगणकावरची परीक्षा १२० प्रश्नांची आणि १२० मिनिटांची होती. निम्मे प्रश्न गणित आणि भौतिकशास्त्राचे, उरलेले इंग्रजी, बुद्धिमापन, अंकगणित आणि सामान्यज्ञानाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. परीक्षेबद्दल मला एवढेच सांगायचे आहे.

मला भोवली ती ‘कोणत्या तरी एका सत्रात’ ही अट. मी यांत्रिकी शाखेची पदवीधर. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र आणि गणित आमच्याकडे सगळ्यांनाच असते, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा पुरावा कोणी मागेल असे कधी मनातही आले नव्हते. पण आमच्या गुणपत्रिकेवर विषयांची नावे छापलेलीच नाहीत, नुसते सांकेतिक क्रमांक आहेत, आणि त्यांच्यापुढे लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन खुणा. त्या क्रमांकावरून कागदपत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने भौतिकशास्त्र कसे ओळखावे? तेव्हा अमुक क्रमांक म्हणजे भौतिकशास्त्र, तमुक म्हणजे गणित, आणि हे दोन्ही विषय मी नियमित अभ्यासक्रमात उत्तीर्ण केले आहेत, असे महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घेणे भाग होते. तपासणीची तारीख आलेली होती.

खिडकीतल्या बाबूंनी माझा अर्ज हातातही न घेता सांगितले, “ऐसा सर्टिफिकेट हम देते ही नहीं।” देत नाही म्हणजे नियमात बसत नाही, की आजवर कोणी मागितलेले नाही, असे मी विचारले, तर उत्तर आले की विभागप्रमुखांना विचारा. विभागप्रमुख म्हणाले की पहिले वर्ष त्यांच्या अखत्यारीत येत नाही, त्याचे समन्वयक वेगळे आहेत. समन्वयक भले गृहस्थ होते. त्यांनी त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम शोधून काढला, दोन्ही पानांवर सही केली आणि मोठ्या समाधानाने मला परत परीक्षा विभागात पाठवले. तिथे कळले की शिक्षकाची सही चालणार नाही, कारण जावक क्रमांक फक्त परीक्षा विभाग घालतो, आणि परीक्षा विभाग अशी प्रमाणपत्रे देत नाही. मी पुन्हा जिथून निघाले होते तिथेच, फक्त आता हातात अभ्यासक्रमाची दोन पाने होती.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी विचारत, “आवाज चढवला नाहीस ना?” आणि मी नाही म्हटले की त्यांना बरे वाटे. त्यांच्या मते कारकुनाशी गोड बोलून काम होते. मी गोड बोलले, अर्ज पुन्हा लिहिला, प्राचार्यांचा शेरा आणला, आणि एकदाचे प्रमाणपत्र टाइप झाले. ते हातात घेतले तेव्हा मजकूर बरोबर होता, विषयांचे क्रमांक बरोबर होते, पण माझ्या नावनोंदणी क्रमांकातले शेवटून दुसरे आणि तिसरे अंक एकमेकांच्या जागी बसले होते. मी ते दाखवले. बाबूंनी कागद माझ्याकडेच सरकवला आणि म्हणाले, “पढ़ लिया है, सब ठीक है।” मी गुणपत्रिका शेजारी ठेवून दोन्ही अंकांवर बोट ठेवले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की एवढ्यातेवढ्याने कोणी अडवत नाही, आणि दुरुस्ती हवीच असेल तर नवा अर्ज, नवा जावक क्रमांक आणि सही करणारे साहेब रजेवरून परत येईपर्यंत थांबणे, एवढे करावे लागेल.

त्याच दिवसांत मी भरतीतल्या आवाज चाचणीच्या तयारीसाठी नियंत्रक आणि वैमानिक यांच्या संभाषणाचे नियम वाचत होते, त्यामुळे माझा संताप जरा जास्तच झाला. आकाशातल्या त्या बोलण्यात अंक जोडीने उच्चारतच नाहीत. दोनशे पन्नास अंशांची दिशा ‘टू फाइफ झिरो’ अशी एकेक अंक सुटा करून सांगतात. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ म्हणतात, म्हणजे खरखरत्या रेडिओवरही एक अंक दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही. नियंत्रकाने धावपट्टी, उंची, दिशा किंवा ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) चार अंकी सांकेतिक क्रमांक सांगितला की वैमानिकाने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रकाचे काम तिथे संपत नाही. परत आलेले शब्द त्याने कान देऊन ऐकायचे आणि एक अंक चुकला तरी तत्क्षणी दुरुस्त करायचा. “ऐकले आहे, सब ठीक है” असे उत्तर तिथे चालत नाही.

हे नियम माणसे मेल्यानंतर कडक झाले आहेत. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. एका विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी मिळाली होती, उड्डाणाची मिळालेली नव्हती; त्या विमानातून आलेल्या संदिग्ध वाक्याचा अर्थ ते अजून जागेवर उभे आहे असा लावला गेला, आणि प्रत्यक्षात ते धावू लागले होते. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. एका शब्दावर इतका कडक पहारा ठेवणाऱ्या नोकरीत शिरायचे, आणि दाराशीच ज्याला दोन अंकांची अदलाबदल ही किरकोळ बाब वाटते अशा माणसाकडून कागद घ्यायचा, हे मला सहन होत नव्हते.

सुटका केली ती त्या विभागातल्या शिपायांनी. ते मूळचे धुळ्याचे, मला फोनवर बाबांशी मराठीत बोलताना ऐकून जवळ आले आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच टाइप करून आणा ना सगळे. साहेब फक्त सही करतील. आणि जेवणानंतर येऊ नका, सकाळी खिडकी उघडल्या उघडल्या या.” मग मी मजकूर घरी टाइप केला. वर महाविद्यालयाच्या लेटरहेडसाठी जागा सोडली, विषयांचे क्रमांक आणि नावे चौकटीत मांडली, नावनोंदणी क्रमांक ठळक केला, आणि मजकूर पेनड्राइव्हवर आणि छापील असा दोन्ही प्रकारे नेला. साहेब रजेवरून आल्यावर त्यांनी तो वाचला की नाही देव जाणे, पण सही झाली. जो कोणी हे वाचत असेल त्याने अर्ज भरतानाच हे प्रमाणपत्र काढून ठेवावे, निकालाची वाट पाहू नये. श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर कसे करायचे याचे पत्रही त्याच अर्जात मागून घ्यावे, नाहीतर त्यासाठी पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहावे लागते.

तपासणीच्या दिवशी तिथल्या अधिकारी बाईंनी माझे प्रमाणपत्र गुणपत्रिकेशेजारी ठेवले, नावनोंदणी क्रमांकावरून पेन्सिलीचे टोक एकेक अंक करत फिरवले, खूण केली आणि पुढचा कागद मागितला. घरी आल्यावर बाबांना मी ही हकीकत जरा जास्तच रंगवून सांगितली. अदलाबदल झालेला तो पहिला कागद त्या अधिकारी बाईंपुढे गेला असता तर काय झाले असते, याचा हिशोब मी अजून अधूनमधून करते.

आवाज चाचणीचे दडपण अनेकांना येते, पण तिच्यात गुण नसतात. पात्र किंवा अपात्र एवढेच ठरते. दिलेला उतारा मोठ्याने वाचायचा आणि थोडे बोलायचे. बोलणे अडखळते का, उच्चार स्पष्ट आहेत का, हे पाहतात. आम्हा इंदूरकरांची खोड अशी की आम्ही वाक्याचा शेवट गिळून पुढच्या वाक्यावर उडी मारतो. रेडिओवर मिनिटाला शंभरापेक्षा जास्त शब्द बोलू नयेत असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. घड्याळ लावून त्या वेगाने वाचून पाहिले तेव्हा आपण किती धावतो ते मला कळले.

इंग्रजीवर एवढा भर कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी चरखी दादरीचा अपघात आठवावा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीला उतरू पाहणारे कझाकस्तानचे विमान हरियाणाच्या आकाशात एकमेकांवर आदळले आणि दोन्ही विमानांतले सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. उतरणाऱ्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते, समोरच्याला १४,००० फुटांवर. उतरणारे विमान आपली उंची सोडून खाली आले. त्याच्या चमूचे इंग्रजी कच्चे होते, हे चौकशीत पुढे आले. त्या वेळी दिल्लीत विमानाची उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार कार्यरत नव्हते, म्हणजे नियंत्रकाला वैमानिकाच्या तोंडच्या आकड्यावरच विसंबावे लागत होते. त्यानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. आज वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही इंग्रजीची किमान चौथी पातळी गाठावी लागते, आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते.

भरतीत अमली पदार्थांचीही चाचणी होते, तिच्याबद्दल एक गोष्ट राहून गेली. सर्दीखोकल्याचे औषध मनाने घेऊ नका. कोडीन असलेली सिरपे तर नकोतच. डॉक्टरांनी काही दिले असेल तर चिठ्ठी जवळ ठेवा आणि आधीच सांगा. वैद्यकीय तपासणीत रंगांची ओळख आणि श्रवण काटेकोरपणे पाहतात. रंग कशाला, असे मला त्याआधी वाटत असे. रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून विमानावर प्रकाशझोत टाकून खुणा करतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लाल-हिरव्यात घोटाळा करणारा माणूस तिथे बसवता येत नाही. ही तपासणी मात्र सुरळीत पार पडली.

ग्वाल्हेरच्या मावशींना अजून वाटते की मी आज ना उद्या त्यांच्याकडे बदली मागून घेईन. तिथला तळ हवाई दलाचा आहे आणि टॉवरही त्यांचाच, हे त्यांना पटत नाही. नेमणूक कुठेही झाली तरी प्रशिक्षण संपल्यावर थेट माइक हातात मिळत नाही. त्या त्या विमानतळावर जुन्या नियंत्रकाच्या नजरेखाली काम करून तिथले रेटिंग, म्हणजे तिथे एकट्याने काम करण्याची मान्यता, मिळवावे लागते, आणि दुसरीकडे गेले की तिथले पुन्हा वेगळे.

मागच्या भरतीत आमच्याच महाविद्यालयाच्या एका मुलीला मी माझा टाइप केलेला मसुदा पाठवला. तिलाही खिडकीवर पहिले वाक्य तेच ऐकायला मिळाले, की असे प्रमाणपत्र आम्ही देतच नाही. तिने माझ्या प्रमाणपत्राची प्रत काढून त्यावरचा जावक क्रमांक दाखवला, तेव्हा अर्ज घेतला गेला. तेव्हा प्रती जपून ठेवा, आणि मागून कोणी मागितली तर द्या. मात्र तुमच्या प्रतीवरचा नावनोंदणी क्रमांक नव्या प्रमाणपत्रात तसाच उतरलेला नाही ना, हे मागणाऱ्याला तपासायला सांगा.